न वाकता घालायचा बूट : पेटंटची तपासणी होते कशी?

जुम्याची नमाज संपल्यावर मशिदीच्या पायऱ्यांवर दोन मिनिटे थांबून पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. नाडीचे बूट घालणारे बरेच लोक नाडी सोडतही नाहीत आणि बांधतही नाहीत. बुटाची मागची बाजू टाचेखाली दाबतात आणि सपाता घातल्यासारखे चालू लागतात. दिवसातून पाच वेळा पादत्राण काढायचे आणि घालायचे असेल, तर वाकून नाडी बांधायला फुरसत कोणाला आहे? म्हाताऱ्या माणसांचा प्रश्न तर निराळाच. गुडघ्याच्या दुखण्यामुळे जे खुर्चीवर बसून नमाज अदा करतात, त्यांना वाकून बोटाने टाच आत सारणे म्हणजे शिक्षाच. परिणाम असा होतो की चांगला हजार-बाराशेचा बूट काही महिन्यांत मागून मोडतो. मोडतो तो नेमका टाचेमागच्या कडक भागात, ज्याला या धंद्यात काउंटर म्हणतात.

आमच्या धरणगावातील एका कारागिराने यावर तोड काढली. आमचा धंदा कापडाचा. हा कारागीर एके दिवशी आमच्या दुकानात आला आणि मोजमापाचा तुटका लोखंडी टेप आहे का म्हणून विचारू लागला. कशाला पाहिजे विचारले तर नुसता हसला. पंधरा-वीस दिवसांनी तो बुटाचा एक जोड घेऊन आला. टेपची पट्टी अंगची थोडी खोलगट असते, वाकवून सोडली की झटकन सरळ होते. त्या पट्टीचा तुकडा त्याने कातडे आणि अस्तर यांच्यामध्ये कमानीसारखा बसवला होता. उभ्याउभ्या पाय आत सरकवला की टाचेच्या वजनाने बुटाची मागची बाजू दबते, आणि टाच तळावर बसली की पट्टी ती बाजू पुन्हा वर उचलते. हाताचे काम नाही. लोखंडी पट्टीला गंज लागतो आणि तिची धार अस्तर कापते, म्हणून पुढे त्याने नायलॉनची जाड पट्टी वापरली. ईदच्या आधी पंचवीस-तीस जोड विकले. मोबाईलच्या स्टेटसवर फोटो टाकला. आणि सगळे झाल्यावर आमच्याकडे येऊन म्हणाला, "सेठ, इसका पेटंट निकालना है."

आम्ही वकील नाही. परंतु काही वर्षांपूर्वी ड्रेस मटेरियलच्या काठाची एक नक्षी आम्ही स्वतः काढून घेतली होती आणि बाहेरगावच्या एका छपाईवाल्याकडे नमुना म्हणून दिली होती. कागद नाही, करार नाही, नोंदणी नाही. दोन महिन्यांत तीच नक्षी बाजारात तीन दुकानांत टांगलेली दिसली, आणि भावही आमच्यापेक्षा कमी. तेव्हा हात पोळल्यामुळे या कायद्याची माहिती करून घेतली. तीच येथे कारागीर बांधवांसाठी मांडत आहोत.

पेटंटला सरकारी मराठीत एकस्व म्हणतात. १९७० च्या पेटंट कायद्याप्रमाणे अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे ती वस्तू बनविण्याचा, विकण्याचा हक्क एकट्या पेटंटधारकाकडे राहतो. त्याच्या बदल्यात त्याने आपली युक्ती पूर्णपणे लिहून द्यायची असते, इतकी पूर्ण की वीस वर्षांनंतर त्या धंद्यातला कोणीही माणूस तो कागद वाचून वस्तू बनवू शकेल. अनेक बांधवांची समजूत अशी आहे की अर्ज केला, फी भरली की दुकानाच्या परवान्यासारखे पेटंट हातात येते. तसे नाही. अर्जाची तपासणी होते, आणि ती करणारा परीक्षक हा आपल्या बाजूने नसतो. त्याचे कामच हे आहे की ही गोष्ट आधी कोठे होती काय, हे शोधून काढणे.

तो मुख्यतः तीन गोष्टी पाहतो. वस्तू नवी आहे काय? नवी असली तरी त्या धंद्यातल्या जाणकाराला ती सहज सुचण्यासारखी आहे काय? आणि ती उद्योगात बनविता येते काय? बुटाच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाची अडचण सहसा येत नाही. सारा झगडा पहिल्या दोन प्रश्नांचा असतो. यात नवेपणा हा धरणगावापुरता किंवा भारतापुरता पाहत नाहीत. जगात कोठेही, कोणत्याही भाषेत ती गोष्ट आधी छापली गेली असेल, तर ती जुनी.

आता आमच्या कारागिराच्या बुटाकडे परीक्षकाच्या नजरेने पाहू. अमेरिकेत २०१२ साली मॅथ्यू वाल्झर नावाच्या एका तरुणाने नायकी कंपनीला पत्र लिहिले. जन्मापासून सेरेब्रल पाल्सीमुळे त्याला स्वतःच्या हाताने नाडी बांधता येत नव्हती. त्या पत्रानंतर कंपनीने २०१५ मध्ये फ्लायइझ नावाचे बूट काढले, जे एका हाताने घालता येतात. त्याच देशात किझिक नावाच्या कंपनीचे बूट आहेत. त्यात टाचेच्या मागे एक लवचिक भाग असतो, तो पाय घालताना दबतो आणि नंतर आपोआप वर येतो. त्या भागाच्या निरनिराळ्या रचनांवर त्यांच्याकडे पेटंटे आहेत, आणि २०१९ मध्ये खुद्द नायकीने त्या मूळ कंपनीत पैसे गुंतवले. म्हणजेच "टाचेमागे लवचिक कमान ठेवावी, म्हणजे हात न लावता बूट घालता येईल" ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. धरणगावच्या कारागिराने ती कोणाचे न पाहता, स्वतःच्या डोक्याने काढली हे आम्ही कबूल करतो. अल्लाहने दिलेली अक्कल कोणा एका मुलखाची मक्तेदारी नाही. परंतु परीक्षक हे विचारत नाही की तू नक्कल केलीस काय. तो इतकेच विचारतो की हे आधी होते काय.

मग सर्व संपले काय? नाही. कल्पना जुनी असली तरी ती अमलात आणण्याची रचना नवी असू शकते. येथे क्रॉक्सचे उदाहरण फार उपयोगी आहे. फेसाच्या रबरासारख्या मालाची, भोके असलेली ही सपाता आता आपल्याकडे हर गल्लीत दिसते. तिच्या मागे एक पट्टा असतो, जो पुढे फिरवून ठेवता येतो किंवा टाचेमागे आणता येतो. ही कंपनी अमेरिकेत २००२ साली निघाली. फेसाची मूळ सपाता एका कॅनडियन कंपनीची, आधीपासून बाजारात असलेली. टाचेमागे पट्टा लावलेली पादत्राणे तर जगभर शेकडो वर्षांची. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने या सपाता-अधिक-पट्टा रचनेला फेब्रुवारी २००६ मध्ये पेटंट दिले. पुढे नक्कल करणाऱ्यांविरुद्ध कंपनी तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगापुढे गेली, तेव्हा २००८ मध्ये आयोगाने सांगितले की यात विशेष काही नाही. सपाता जुनी, पट्टा जुना, दोन्ही जोडणे कोणालाही सुचले असते.

कंपनी अपिलात गेली आणि २४ फेब्रुवारी २०१० रोजी अपील न्यायालयाने आयोगाचे म्हणणे फिरवले. ते का फिरवले, हे प्रत्येक कारागिराने नीट समजून घ्यावे. आधीचे पट्टे ताणणारे होते आणि सतत टाचेला चिकटून असत. क्रॉक्सचा पट्टा सपातेच्याच फेसाचा आहे. फेस ताणला जातो, ढिला पडतो, म्हणून पट्ट्यासाठी तो वापरू नये अशीच त्या काळची धंद्यातली समजूत होती. यांनी तोच वापरला आणि दोन बाजूंना खिळीने असा बसवला की फेसावर फेस घासून पट्टा जेथे फिरवावा तेथेच थांबतो. तो टाचेला सतत दाबत नाही. टाच मागे सरकली तरच तिला आधार देतो. त्यामुळे पाय घासत नाही. न्यायालयाने असे मानले की जुन्या दोन वस्तू एकत्र आणून, धंद्यातल्या समजुतीच्या उलट जाऊन, आधी न मिळालेला फायदा मिळवला असेल तर ती सहज सुचणारी गोष्ट नव्हे. मालाला मिळालेली मागणी आणि इतरांनी केलेली नक्कल याही गोष्टी न्यायालयाने विचारात घेतल्या.

आपल्या देशात याच्या उलट निकालाचे एक जुने उदाहरण आहे, आणि ते कारागिरांच्याच धंद्यातले आहे. मिर्झापूरच्या एका भांडी बनविणाऱ्या कारखान्याने १९५१ साली एक पेटंट घेतले होते. खरादावर भांडे घासताना ते निसटू नये म्हणून त्याला दुसऱ्या टोकाकडून आधार देऊन पकडण्याची ती रचना होती. दुसऱ्या कारखान्याने तीच पद्धत वापरली, भांडण लागले, आणि अखेरीस १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट रद्द ठरवले. न्यायालयाचा सूर असा होता की खराद चालविणाऱ्यांना माहीत असलेल्याच गोष्टींची ही जुळवाजुळव आहे. कारखान्यातला चांगला मिस्त्री रोजच्या कामात जी सुधारणा करतो, ती म्हणजे शोध नव्हे. आजही भारतात असा वाद निघाला की हा निकाल पुढे ठेवला जातो. पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्येही हेच आहे की ज्ञात वस्तू नुसत्या शेजारी-शेजारी मांडल्या आणि प्रत्येक जण आपापले जुनेच काम करीत राहिला, तर त्याला शोध म्हणता येत नाही.

या दोन निकालांच्या मधली जी जागा आहे, तेथे आपल्या कारागिराला उभे राहायचे आहे. म्हणून अर्जात "लवचिक टाचेचा बूट" असे लिहून भागत नाही. पट्टी कोणत्या आकाराची आहे, तिची दोन टोके तळाला शिवलेली आहेत की खाचेत मोकळी आहेत, दाब आल्यावर ती कोठे वाकते, बुटाचे कातडे त्याच ठिकाणी का फाटत नाही, हे सारे लिहावे लागते. कायद्याच्या भाषेत याला दावे म्हणतात, आणि पेटंटचा सारा जीव या दाव्यांत असतो. दावा फार मोठा केला तर परीक्षक जुन्या कागदांनी तो तोडतो. फार बारीक केला तर शेजारी पट्टी दोन सूत सरकवून बसवतो आणि आपण पाहत बसतो.

आता क्रॉक्सच्याच गोष्टीचा दुसरा भाग. वर जे पेटंट टिकले ते पट्ट्याच्या कामाचे होते. त्याच सपातेच्या दिसण्यावर, म्हणजे आकारावर, कंपनीने निरनिराळ्या देशांत डिझाइनची नोंदणी केली होती. युरोपातील नोंदणी रद्द झाली आणि १४ मार्च २०१८ रोजी तेथील न्यायालयाने ते रद्द करणे कायम केले. कारण काय? नोंदणीच्या मुदतीच्या कितीतरी आधी कंपनीने स्वतःच ती सपाता अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील फोर्ट लॉडरडेल येथे नावांच्या प्रदर्शनात मांडली होती, आपल्या वेबसाइटवर तिचे चित्र टाकले होते आणि ती विकलीही होती. भारतात कंपनीने २८ मे २००४ च्या तारखेची नोंदणी घेतली होती आणि तिच्या आधाराने बाटा, लिबर्टी, रिलॅक्सो, अॅक्शन, अॅक्वालाइट अशा मोठ्या कंपन्यांवर दिल्लीच्या उच्च न्यायालयात दावे लावले होते. ८ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने मनाई हुकूम नाकारला. तेथेही मुख्य गोष्ट हीच निघाली की सपातेचे चित्र नोंदणीआधीच इंटरनेटवर आले होते. सपातेच्या जुन्या आकारात किरकोळ फरक केल्याने नवे डिझाइन होत नाही, असेही न्यायालयाचे म्हणणे पडले. २४ जानेवारी २०१९ रोजी दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो निकाल कायम केला. पुढे २०२५ मध्ये, नक्कल करून आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपविणे या वेगळ्या मुद्द्यावरचे क्रॉक्सचे दावे चालू शकतात असे त्याच न्यायालयाने म्हटले, पण तो निराळा रस्ता आहे.

इतकी मोठी कंपनी, इतके वकील, आणि आपल्याच प्रदर्शनाने आणि आपल्याच वेबसाइटने तिचा घात केला. मग मोबाईलच्या स्टेटसची काय कथा!

अमेरिकेत वस्तू दाखवल्यावर एक वर्षाच्या आत अर्ज करण्याची सवलत आहे. आपल्याकडे अशी सरसकट सवलत नाही. सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनात वस्तू ठेवली, तर पेटंटसाठी बारा महिन्यांची मुदत मिळते. डिझाइनसाठी सहा महिन्यांची, आणि तीही आधी कार्यालयाला कळवले असेल तर. विश्वासाने दाखवलेली वस्तू समोरच्याने दगा देऊन फोडली तर त्यालाही संरक्षण आहे, पण ते सिद्ध करीत बसावे लागते. उरुसातला स्टॉल, दुकानाच्या काचेतला नमुना, ग्राहकाला दिलेला जोड, ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ यांपैकी एकालाही ही सवलत लागू होत नाही.

म्हणून आमच्या कारागिराला स्पष्ट सांगावे लागले की ईदच्या आधी विकलेल्या जोडावर आता पेटंट मिळण्याची आशा धरू नये. त्याचा चेहरा उतरला, आणि आम्हालाही वाईट वाटले. परंतु या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. जी वस्तू भारतात उघडपणे विकली गेली, तिच्यावर नंतर दुसरा कोणीही, मग तो कितीही बडा असो, खरेपणाने पेटंट घेऊ शकत नाही. उद्या एखाद्या शहरी कारखानदाराने नेमक्या याच रचनेसाठी अर्ज केला, तर पेटंट मंजूर होण्यापूर्वी कलम २५ खाली कोणाही माणसाला हरकत घेता येते. मंजुरीनंतरही, पेटंट प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत, संबंधित माणसाला हरकत घेता येते. त्यासाठी पुरावा लागतो. तारखेची पावती, कातडे-नायलॉन खरेदीचे बिल, जुना फोटो. आपले कारागीर बिल बनवीत नाहीत, ही सवय येथे महागात पडते.

चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली. त्या कारागिराने त्यानंतर एक दुसरी रचना केली आहे, जिच्यात जुन्या बुटातील एक मोठा दोष जातो. ती त्याने घराबाहेर नेलेली नाही. आम्हाला दाखवली ती अमानत म्हणून. त्यामुळे ती काय आहे हे येथे लिहीत नाही, आणि वाचक बांधवांनी आम्हाला विचारूही नये. कारण या साप्ताहिकात ती छापून आली तर हा अंकच परीक्षकाच्या टेबलावर त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून पडेल.

अशा माणसासाठी कायद्यात तात्पुरत्या अर्जाची सोय आहे. रचना पूर्ण पक्की झाली नसली तरी तिचे वर्णन देऊन तारीख मिळवता येते, आणि बारा महिन्यांच्या आत पूर्ण तपशील भरायचा असतो. तो भरला नाही तर अर्ज सोडून दिला असे धरतात. महाराष्ट्रातील माणसाचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात जातो. ते अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवनात आहे. अर्ज ऑनलाइनही भरता येतो. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये आणि तपासणीच्या मागणीची ४,००० रुपये आहे. कागदावर अर्ज केला तर थोडी जास्त. एजंटाची फी निराळी, आणि ती आधी ठरवून घ्यावी. तपासणीची मागणी वेगळी करावी लागते, हे पुष्कळांना माहीत नसते. १५ मार्च २०२४ पासूनच्या नियमाप्रमाणे ती पहिल्या अर्जापासून ३१ महिन्यांत केली नाही, तर अर्ज मागे घेतला असे समजतात.

अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. मागणीनंतर परीक्षकाचा पहिला अहवाल येतो. या अहवालात जवळजवळ नेहमीच हरकती असतात, त्यामुळे तो वाचून घाबरून जाऊ नये. जगातले जुने कागद दाखवून परीक्षक म्हणतो, हे पाहा, तुझा दावा यात आला आहे. त्याला सहा महिन्यांत उत्तर द्यायचे असते, आणि मुदत संपण्यापूर्वी मागितले तर तीन महिने वाढवून मिळतात. उत्तरात दावा आवळता येतो. परंतु मूळ अर्जात जे लिहिले नव्हते ते नंतर घुसवता येत नाही. म्हणूनच पहिला कागद सविस्तर लिहावा. चित्रे रेषांची असावीत. बूट मधून उभा कापल्यासारखे एक चित्र, पट्टी सुटी दाखवणारे एक, आणि पाय घालताना ती दबलेली दाखवणारे एक. आपल्या कारागिरांना फर्म्यावर कागद कापता येतो, ही चित्रे त्यांना जड जाऊ नयेत. उत्तराने समाधान झाले नाही तर नियंत्रक सुनावणी देतो, आणि मग मंजूर किंवा नामंजूर.

भाषेची अडचण मात्र खरी आहे. नियमाप्रमाणे अर्जाचे कागद हिंदीत किंवा इंग्रजीत लागतात. मराठी चालत नाही, उर्दू चालत नाही. आमचे सारे शिक्षण उर्दू माध्यमातले, त्यामुळे हा काच आम्ही जाणतो. पण हिंदीची मुभा आहे हेही काही कमी नाही. कारागिराने आपल्या बोलीत सांगावे आणि घरातल्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने ते हिंदीत उतरवावे. नंतर एजंटाकडून दावे दुरुस्त करून घ्यावेत. अर्जाआधी एखादी संध्याकाळ गूगल पेटंट्स किंवा पेटंटस्कोप या फुकट साधनांवर शोधण्यात घालवावी, चित्रे पाहूनही पुष्कळ कळते. येथे एक बारीक गोष्ट आहे. परदेशातले पेटंट आपल्या अर्जाचा नवेपणा घालवते, परंतु त्याच मालकाने भारतात पेटंट घेतले नसेल तर तो आपल्याला येथे माल बनविण्यापासून रोखू शकत नाही. म्हणून भारतीय कार्यालयाच्या यादीतही त्या कंपनीचे नाव पाहावे.

बाईमाणसांबद्दलही सांगितले पाहिजे. आपल्याकडे अपर शिवण्याचे काम कित्येक घरांत बायकाच करतात, आणि शिलाई कोठे फाटते हे त्यांनाच आधी कळते. युक्ती खरोखर तिची असेल तर शोधक म्हणून तिचे नाव लिहिलेच पाहिजे. अर्जदारांत एक स्त्री असेल तर लवकर तपासणीची मागणी करता येते, तिची फी एकट्या व्यक्तीला ८,००० रुपये आहे. फक्त लवकर काम व्हावे म्हणून खोटे नाव घालणे हे मात्र कायद्यातही आणि दीनातही बसत नाही.

पेटंट आणि डिझाइन यांत गोंधळ होतो, म्हणून थोडक्यात लिहितो. बुटाची टाच दबते आणि वर येते, हे काम. ते पेटंटचे. बूट कसा दिसतो, नक्षी, आकार, ते २००० च्या डिझाइन कायद्याचे. यांत्रिक रचनेला डिझाइनची नोंदणी मिळत नाही. डिझाइनचे कार्यालय कोलकात्यात आहे, एकट्या व्यक्तीला फी १,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि पुढे पाच. नोंदलेल्या डिझाइनची चोरी केली तर प्रत्येक वेळी २५,००० रुपयांपर्यंत आणि एका डिझाइनसाठी जास्तीत जास्त ५०,००० रुपये वसूल करता येतात. किंवा त्याऐवजी नुकसानभरपाईचा दावा आणि मनाई मागता येते. आमच्या काठाच्या नक्षीला हाच रस्ता होता, आणि आम्ही तो वेळेवर धरला नाही.

आणि बापजाद्यांपासून चालत आलेल्या मोजडीवर, कोल्हापुरी चपलेवर कोणी पेटंट मागितले तर? मिळणार नाही. पारंपरिक ज्ञानाला कलम ३ प्रमाणे शोध मानत नाहीत. कोल्हापुरीला डिसेंबर २०१८ मध्ये जे मिळाले ती भौगोलिक निर्देशनाची नोंद होती. ती महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे आहे, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातील चार जिल्हे तिच्यात येतात. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा मोठा गदारोळ झाला. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली आणि जुलैमध्ये फेटाळली गेली, कारण दाद मागायची तर नोंदीचे मालक असलेल्या महामंडळांनी मागावी. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये त्या कंपनीने याच दोन महामंडळांबरोबर करार केला. ज्याच्या नावाने कागद होता, त्याच्याशीच बोलणी झाली, ही गोष्ट कारागिरांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

काही बांधव विचारतात की अकलेवर मालकी सांगणे शरीयतमध्ये बसते काय. इस्लामी फिकह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतच्या बैठकीत ठराव केला आहे की व्यापारी नाव, लेखन आणि शोध यांचे हक्क ही मालमत्ता आहे आणि त्यांवर हात टाकता येत नाही. म्हणजे दुसऱ्याचा नोंदलेला माल बिनदिक्कत उतरवून विकणाऱ्यांनीही एकदा आपल्या गल्ल्याकडे पाहावे.

आमच्या कारागिराचा तात्पुरता अर्ज लिहून झाला आहे. चित्रे त्याच्या मुलीने काढली. येत्या आठवड्यात तो मुंबईला जायचे म्हणतो. तोपर्यंत धरणगावकरांनी त्याच्या दुकानी जाऊन जुना जोड अवश्य घ्यावा, पण नवा दाखव म्हणून त्याच्या मागे लागू नये.